मागच्या पुराची तयारी

जून उजाडला की कृष्णाकाठी एक ठरलेले दृश्य दिसते. घाटावर रबरी बोटी येतात, केशरी जाकिटे घातलेले जवान पाण्यात उतरतात, एक जण बुडाल्याचे सोंग घेतो, दुसरा त्याला बाहेर काढतो. काठावर अधिकारी, पत्रकार आणि शाळेची मुले उभी असतात. तासाभरात सगळे आटोपते, फोटो निघतात, हजेरीपत्रकावर सह्या होतात. असे सराव आम्हीही पाहिले आहेत आणि जवानांच्या कौशल्याचे मनापासून कौतुक केले आहे. पण परत येताना दर वेळी एक प्रश्न मनात राहतो. या सरावात पूर नेहमी सकाळी अकरा वाजताच का येतो? आणि तो नेहमी मागच्या पुरासारखाच का असतो?

आपत्ती व्यवस्थापन हा आता एक व्यवसाय झाला आहे. २००५ साली देशात त्यासाठी कायदा झाला. त्यानंतर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण आले, नियंत्रण कक्ष आले, आराखडे आले, प्रशिक्षणे आली. याचा फायदा झालाच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ओडिशात १९९९ च्या चक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ साली त्याच किनाऱ्यावर फायलिन वादळ आले, तेव्हा मृतांचा आकडा काही डझनांवर थांबला. इशारा वेळेवर मिळणे, लाखो लोकांना आधी हलवणे आणि हे काम करणारी माणसे तयार असणे, यांचे ते फळ होते. तेव्हा प्रशिक्षण हवेच. आमची तक्रार प्रशिक्षणाच्या साच्याबद्दल आहे, आणि ती समजून घ्यायला सातारा आणि सांगली या दोन शेजारी जिल्ह्यांइतके चांगले उदाहरण आम्हाला दुसरे माहीत नाही.

प्रत्येक वेळी नवा चेहरा

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले. भूकंपाची तीव्रता ६.३ च्या आसपास होती आणि सुमारे दोनशे माणसे मृत्युमुखी पडली. त्याआधी दख्खनचे पठार म्हणजे भूकंपाच्या दृष्टीने शांत प्रदेश, अशीच सर्वसाधारण समजूत होती. कोयना धरणाच्या आराखड्यात भूकंपासाठी ०.०५ हा गुणांक धरला होता, म्हणजे गुरुत्वीय बलाच्या एक विसांश इतके आडवे बल. प्रत्यक्षात धरणाच्या आत बसवलेल्या यंत्राने ०.६३ जी इतका कमाल त्वरण नोंदवला. हे दोन आकडे सरळ एकमेकांशेजारी ठेवून तुलना करता येत नाही. पहिला आराखड्यातले स्थिर बल सांगतो, तर दुसरा क्षणभराचा धक्का. तरीही गृहीत आणि वास्तव यांत केवढे अंतर होते, त्याची कल्पना येते. धरण टिकले, पण वरच्या भागात भेगा पडल्या आणि पुढे त्याला मजबुती द्यावी लागली. देशाचा भूकंपप्रवणतेचा नकाशाही त्यानंतर बदलला.

२५ जानेवारी २००५. वाई तालुक्यातील मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन सुमारे तीनशे भाविक मरण पावले. तिथे ना पूर होता ना भूकंप. अरुंद वाट, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, दुकानांना लागलेली आग आणि प्रचंड गर्दी. एका चौरस मीटरमध्ये सहा-सातपेक्षा जास्त माणसे कोंबली गेली, की प्रत्येकाची स्वतंत्र हालचाल संपते आणि गर्दी द्रवासारखी वागू लागते. मागून आलेला रेटा लाटेसारखा पुढे जातो. अशा वेळी बहुतेक माणसे तुडवली जाऊन नव्हे, तर छातीवरच्या दाबामुळे श्वास घेता न आल्याने मरतात. हे शास्त्र बंदोबस्तावरच्या माणसाला ठाऊक असेल तर तो पुढच्या लोकांवर ओरडत बसणार नाही, मागून येणारा ओघ थांबवेल.

त्याच वर्षी, अवघ्या सहा महिन्यांनी, सांगलीत महापूर आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २००५ मध्ये पाणी सुमारे ५४ फुटांवर गेले. लोकांनी भिंतींवर खुणा केल्या. ती खूण पुढची चौदा वर्षे सांगलीकरांची फूटपट्टी होऊन बसली.

आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी त्या खुणेच्याही तीन फुटांहून अधिक वर गेले. "२००५ ला इथवर आले नव्हते, आता कशाला येईल?" असे म्हणून कितीतरी कुटुंबे घरातच थांबली आणि मग वरच्या मजल्यांवर अडकून पडली. खुणेने लोकांना सावध करायला हवे होते. तिने त्यांना निर्धास्त केले.

२०२१ च्या जुलैत सांगलीचे पाणी पुन्हा सुमारे ५५ फुटांवर गेले. २०१९ चा अनुभव ताजा होता, म्हणून अनेकांनी या वेळी माणसे आणि जनावरे लवकर हलवली. पण त्या पावसाने जीव घेतले ते नदीच्या उगमाकडे, डोंगरात. महाबळेश्वरला २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी घरांवर कोसळल्या. बोटी सांगलीकडे सज्ज होत्या. गरज होती ती तुटलेल्या रस्त्यांपलीकडे, चिखलाच्या ढिगाखाली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आणखी एक चेहरा दिसला. कडेगाव तालुक्यातील शाळगाव येथे खताच्या कारखान्यात वायुगळती होऊन माणसे दगावली. अशा ठिकाणी पहिला धडा अगदी उलटा असतो. धावत मदतीला जाऊ नका. वारा कोणत्या दिशेने वाहतो ते आधी पाहा, वाऱ्याला आडवे चालत बाहेर पडा. पुरात धाडसाने उडी घेणारा माणूस इथे पहिला बळी ठरू शकतो.

भूकंप, गर्दी, पूर, दरड, वायू. यांतल्या कोणत्याही एकाची तयारी दुसऱ्याला जशीच्या तशी लागू पडली नसती. मग प्रशिक्षण कशाचे द्यायचे?

चक्र आणि मळसूत्र

आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि प्रशिक्षणाच्या पुस्तिकांत आपत्ती व्यवस्थापनाचे एक चक्र हमखास असते. पूर्वतयारी, प्रतिसाद, पुनर्वसन, निवारण आणि पुन्हा पूर्वतयारी. बाणांनी जोडलेले हे वर्तुळ मुले सुबक काढतात आणि परीक्षेत गुणही मिळवतात. आमचा आक्षेप त्या चित्रालाच आहे. वर्तुळ फिरून पुन्हा त्याच बिंदूला येते. म्हणजे २००५ च्या पुरानंतर आपण २००५ च्या पुराची तयारी करायची आणि २०१९ नंतर २०१९ ची. घडतेही नेमके तसेच. आकृती खरी तर मळसूत्रासारखी हवी. प्रत्येक फेऱ्यात आपण थोडे वर चढलेले असायला हवे आणि मागच्या वेळी न दिसलेले काहीतरी तिथून दिसायला हवे.

त्यासाठी प्रत्येक आपत्तीनंतर "काय झाले?" याबरोबरच "आपण काय गृहीत धरले होते?" हाही प्रश्न विचारावा लागतो. २००५ नंतर सांगलीत सर्वांच्या तोंडी एकच नाव होते, अलमट्टी. कर्नाटकातल्या धरणाचा फुगवटा हेच पुराचे कारण, अशी ठाम समजूत झाली. २०१९ च्या पुरानंतर शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० साली दिलेल्या अहवालात मात्र त्या पुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नाही. तिने अतिवृष्टीकडे आणि पूररेषेतल्या अतिक्रमणांकडे बोट दाखवले. या निष्कर्षावर वाद आहेत आणि ते व्हायलाही हवेत. पण एकाच कारणाकडे चौदा वर्षे बघत राहिल्याने दारातला ओढा बुजत चालल्याकडे आपले दुर्लक्ष होते, हे तरी मान्य करायला हरकत नसावी.

बोटीपेक्षा हिशोब अवघड

नेहमीच्या प्रशिक्षणात हातांना काम मिळते, डोक्याला कमी. दोर कसा बांधावा, जाकीट कसे घालावे, जखमीला कसे उचलावे, हे सगळे शिकायलाच हवे. पण महापुरात सर्वात मोठे निर्णय बोटीत होत नाहीत. ते आदल्या रात्री, एका टेबलाशी, काही आकड्यांपुढे होतात.

एक हिशोब करून पाहू. नववी-दहावीच्या मुलांना तो सहज जमेल.

कोयना धरणाचे पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर आहे. त्या सगळ्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळे पाणी धरणात आले असे धरू. ८९२ चौ.कि.मी. गुणिले ०.१ मीटर, म्हणजे सुमारे ८.९ कोटी घनमीटर पाणी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, अर्थात २.८३ कोटी घनमीटर. तेव्हा हे झाले सव्वातीन टीएमसीला थोडे कमी. धरणाची एकूण क्षमता १०५.२५ टीएमसी. आता कल्पना करा, महाबळेश्वरला पडला तसा ५९४ मिलिमीटर पाऊस सगळ्या क्षेत्रावर पडला, तर एका दिवसात साडेअठरा टीएमसीहून अधिक, म्हणजे धरणाचा जवळजवळ सहावा हिस्सा. अर्थात एका पर्जन्यमापकाचा आकडा सगळ्या क्षेत्राला लावता येत नाही. काही पाणी मुरते आणि काही वाटेत रेंगाळते. हिशोबाच्या या मर्यादाही मुलांना सांगायला हव्यात.

पुढचा भाग अधिक महत्त्वाचा. समजा, ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी सहा वाजता धरणात ५ टीएमसी जागा उरली आहे आणि सेकंदाला १ लाख घनफूट, म्हणजे १ लाख क्युसेक, पाणी आत येते आहे. ५ अब्ज भागिले १ लाख, म्हणजे ५० हजार सेकंद, सुमारे चौदा तास. सकाळी आठला धरण भरेल आणि तेव्हा आत येणारे सगळे पाणी एकदम खाली सोडावे लागेल. त्याऐवजी सहा वाजल्यापासूनच ४० हजार क्युसेक सोडले, तर आत साठणारे पाणी ६० हजार क्युसेक राहील आणि धरण भरायला सुमारे तेवीस तास लागतील. नऊ तास हाती आले. पण त्या संध्याकाळी आयर्विन पुलावर पाणी ४३ फूट असेल तर? हे ४० हजार क्युसेक कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळणार आणि सुमारे एका दिवसाने सांगलीच्या दारात पोहोचणार. वाटेत इतर नद्या-ओढ्यांचे पाणी येणारच. सांगलीच्या खाली वारणा आणि पंचगंगा तुडुंब असतील तर पुढे जायलाही वाट नाही. आणि पाणी सोडून दिल्यावर पाऊस थांबला, तर शेती आणि वीज यांचे पाणी वाया घालवल्याचा ठपका आहेच.

ही पेचाची रात्र ज्याला काढायची आहे, त्याला कोणत्या प्रशिक्षणाने तयार केले? दोर बांधण्याच्या नक्कीच नव्हे. त्याला हवा आहे तो अपुऱ्या माहितीवर निर्णय घेण्याचा, निर्णयाचे कारण लिहून ठेवण्याचा आणि दोन तासांनी तो चुकीचा दिसला तर बदलण्याचा सराव. शिवाय तो एकट्याचा सराव नव्हे. धरण साताऱ्यात आणि पूर सांगलीत. नदी एक, नियंत्रण कक्ष दोन. महाबळेश्वरला पडलेला थेंब नरसोबाच्या वाडीपर्यंत जाताना किती कार्यालयांच्या हद्दी ओलांडतो, ते एकदा नकाशावर मोजून पाहावे. सराव करायचाच तर त्या थेंबाबरोबर करायला हवा, दोन्ही जिल्ह्यांतल्या सगळ्या माणसांनी एकत्र आणि तोही रात्री, फोन बंद ठेवून.

पहिले तास कोणाचे?

८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि डझनाहून अधिक माणसे बुडाली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त लोक होते. काठावर उभे राहून दोष देणे सोपे आहे. पाणी वाढत असताना बायका-मुलांना "तुम्ही पुढच्या खेपेला या" असे सांगणे किती कठीण, ते तिथे असलेल्यालाच कळेल.

म्हणूनच ते सांगण्याचा सराव आधी व्हायला हवा. बोटीचे गणित साधे आहे. उदाहरणादाखल, पाण्याच्या पातळीशी बोटीचे क्षेत्रफळ ८ चौरस मीटर असेल आणि सरासरी ६० किलोची दहा माणसे जास्त बसली, तर आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार ती साडेसात सेंटिमीटर अधिक बुडेल. ज्या बोटीची कड पाण्याच्या वर वीतभरच उरली आहे, तिला एवढे पुरेसे धोक्याचे आहे. माणसे घाबरून उभी राहिली की गुरुत्वमध्य वर जातो आणि एका बाजूला झुकली की संपले. बोटीच्या बाजूला रंगाने एक जाड रेघ ओढून "ही बुडली की बस" असे ठरवणे, याला पैसा लागत नाही.

प्रशिक्षित दले कितीही तत्पर असली तरी पुण्याजवळून निघून गावात पोहोचायला त्यांना वेळ लागतो, आणि रस्ते पाण्याखाली असतील तर फारच. पहिले काही तास गावाचेच असतात. तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, कोतवाल, आशाताई, जेसीबीचा चालक, पट्टीचे पोहणारे आणि शिक्षकसुद्धा. पूर आला की शाळा निवारा केंद्र होते आणि मुख्याध्यापक व्यवस्थापक होतात, त्यांना कोणी विचारो वा न विचारो. तेव्हा व्यावसायिक माणसाचे कौशल्य मोजायचे असेल तर त्याने स्वतः किती जणांना वाचवले याबरोबर त्याने किती जणांना तयार केले, हेही मोजावे लागेल. आज मोजली जाते ती बहुधा हजेरी.

त्यात बदल्यांची भर. दोन-तीन वर्षे पुराशी झुंजून जो अधिकारी नदी ओळखू लागतो, तो बदलून दुसऱ्या जिल्ह्यात जातो आणि त्याचे शहाणपण त्याच्याबरोबर जाते. मागे राहतो आराखडा. त्यात काय यशस्वी झाले ते असते. काय थोडक्यात चुकले ते नसते. विमान वाहतुकीत थोडक्यात टळलेल्या अपघातांची माहिती नाव गुप्त ठेवून गोळा करण्याची पद्धत अमेरिकेत १९७६ पासून आहे. शिक्षेची भीती नाही, म्हणून वैमानिक मोकळेपणी लिहितात आणि दुसरे त्यातून शिकतात. आपल्या नियंत्रण कक्षांत अशी एक वही ठेवायला काय हरकत आहे?

नकाशावर विश्वास किती?

या प्रश्नावर एक आक्षेप येईल. न घडलेल्या आपत्तींची तयारी करायची म्हटली तर तिला अंत कुठे? पैसा कुठून आणायचा? आक्षेप खरा आहे. प्रत्येक शक्य संकटासाठी साहित्य घेऊन ठेवणे कोणालाच परवडणार नाही. पण साहित्य आणि सवय यांत फरक आहे.

११ मार्च २०११ रोजी जपानला त्सुनामीचा तडाखा बसला. कामाइशी शहरातल्या शाळांत तोशिताका कातादा या प्राध्यापकांनी आधीची काही वर्षे मुलांना एक वेगळीच गोष्ट शिकवली होती. धोक्याच्या नकाशावर आंधळा विश्वास ठेवू नका, नकाशा हे एक गृहीतक आहे. त्या दिवशी उनोसुमाई भागातली मुले ठरलेल्या सुरक्षित जागी पोहोचली. पण तिथली दरड ढासळताना दिसली, म्हणून ती आणखी वर गेली आणि तिथूनही पुढे उंचावर. ठरलेली जागा पाण्याखाली गेली, मुले वाचली. त्याच दिवशी इशिनोमाकी येथील ओकावा प्राथमिक शाळा नकाशानुसार धोक्याच्या क्षेत्राबाहेर होती. मुलांना मैदानावर बराच वेळ थांबवून ठेवले गेले. १०८ पैकी ७४ मुले आणि १० शिक्षक गेले. पुढे जपानच्या न्यायालयांनी आधीच्या तयारीतल्या त्रुटींची जबाबदारी शाळेवर आणि प्रशासनावर ठेवली.

दोन्हीकडे शिक्षक प्रामाणिक होते, दोन्हीकडे नकाशे होते. सांगलीच्या भिंतीवरची २००५ ची खूण आणि ओकावाचा नकाशा यांत आम्हाला फारसा फरक दिसत नाही.

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या शाळा कृष्णा, कोयना किंवा वारणेच्या काठी आहेत. काहींच्या डोंगराच्या पायथ्याशी आहेत. पुढचा तास मोकळा असेल तर वर्गाला चार प्रश्न द्यावेत. आपल्या शाळेच्या ओट्याची उंची आयर्विन पुलाच्या मापाने किती? तिथवर पाणी यायला लागले तर आपण कुठे जाऊ आणि तो रस्ता आधी बुडतो की शाळा? शाळेमागच्या उतारावर नवे झरे, वाकलेली झाडे, जमिनीला गेलेल्या भेगा दिसतात का? आणि चौथा, ज्याचे उत्तर मुलांनी आजोबा-आजींना विचारून आणावे: "एवढे होणार नाही" असे वाटले होते आणि तरीही झाले, असे आपल्या गावात कधी घडले?

या चौथ्या प्रश्नाची उत्तरे जमली की ती तालुक्याच्या नियंत्रण कक्षाकडे जरूर पाठवावीत. तिथल्या वहीत ती बहुधा नसतील.